चीता : एका वेलांटीचा फरक

मागच्या महिन्यात एक पत्र टाइप करून घ्यायला कोल्हापुरातल्या भाऊसिंगजी रोडवरच्या एका डीटीपीच्या दुकानात गेलो होतो. पत्र खासदारांना लिहिलेलं, विषय लष्कराच्या हेलिकॉप्टरांचा. टाइप करणाऱ्या मुलीनं पहिल्याच ओळीत 'चिता हेलिकॉप्टर' असं पहिल्या वेलांटीचं लिहिलं. मी म्हटलं, "बाळ, दुसरी वेलांटी. हिंदीतला चीता आहे तो, आपला चित्ता." तिनं निमूट दुरुस्त केलं. माझ्याबरोबर आलेले सुभेदार मात्र स्क्रीनकडे बघत म्हणाले, "ऱ्हाऊ दे की मास्तर. तेबी चुकीचं न्हाई."

सुभेदार म्हणजे आमच्या टेंबलाईवाडीतले शेजारी. मूळचे शिरोळ तालुक्यातले, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले. नव्वदच्या दशकात एक मुदत सियाचीनवर काढून आलेले. त्यांच्याकडून आणि त्यांच्यासारख्या चारपाच जणांकडून मी गेली काही वर्षं जे ऐकत आलो, त्यातून हे पत्र निघालं, आणि पत्रात न मावलेलं इथं लिहितो आहे.

२०२५ च्या जुलैमध्ये लष्कराची पहिली तीन अपाची, म्हणजे हल्ल्याची हेलिकॉप्टरं, दिल्लीजवळ हिंडनच्या विमानतळावर उतरली. त्या दिवशी आमच्या गल्लीतल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच फोटो फिरत होता. नाद खुळा, शत्रूची झोप उडाली, वगैरे. कॅन्टीनच्या रांगेत उभ्या असलेल्या माजी सैनिकांनीही मोबाइल एकमेकांना दाखवले. सुभेदारांनी फोटो बघितला, चांगलं आहे म्हणाले आणि पुढं सरकले. मी विचारलं, उत्साह नाही का? ते म्हणाले, "हे लढायला हाय. मला खाली आणलं त्ये येगळं हुतं. त्येचा फोटू कोण टाकत न्हाई."

माझं सगळं म्हणणं त्या वाक्याला धरून आहे. लष्कराला स्वतःची हवाई शाखा असावी की नाही हा वाद चाळीस वर्षांपूर्वी मिटला, आणि योग्य बाजूनं मिटला. पण त्यानंतरची बरीच शक्ती आपण हल्ल्याची हेलिकॉप्टरं कुणाच्या ताब्यात असावीत या भांडणात घालवली. जे हेलिकॉप्टर रोज उडतं, रॉकेल आणि औषधं वर नेतं, जखमी माणूस खाली आणतं, ते चीता मात्र पन्नास वर्षांपूर्वीचंच राहिलं. कोल्हापूर, सांगली, सातारा हा पट्टा पायदळाला माणसं देतो. विमानं आपण देत नाही, पण विमानाची वाट बघणारी माणसं आपली असतात. मग अपाचीचं स्वागत करण्याआधी चीताबद्दल विचारण्याचा पहिला हक्क आपला आहे, आणि तो आपण वापरत नाही.

या शाखेचा जन्म तोफखान्यातला. तोफ डोंगरापलीकडं मारा करते, पण तोफेजवळ उभ्या असलेल्या माणसाला गोळा कुठं पडला ते दिसत नाही. कुणीतरी उंच जाऊन सांगावं लागतं, शंभर मीटर डावीकडं, पन्नास पुढं. दुसऱ्या महायुद्धात हे काम ऑस्टर नावाच्या छोट्या, कापड ताणलेल्या, एका इंजिनच्या विमानातून होऊ लागलं. आणि ब्रिटिशांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. ते विमान उडवायला तोफखान्याचाच अधिकारी बसवला. हवाई दलातल्या वैमानिकाला तोफ शिकवण्यापेक्षा तोफवाल्याला विमान शिकवणं सोपं, असा तो हिशेब. १९४७ च्या फाळणीत ही हवाई निरीक्षण तुकडीही दोन देशांत वाटली गेली. भारताकडं जो हिस्सा आला त्यातून आजची शाखा वाढली, आणि पाकिस्तानी लष्कराची हवाई शाखाही आपली मुळं त्याच तुकडीत शोधते.

पुढं हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं कृषक नावाचं छोटं विमान बनवलं. नाव शेतकऱ्याचं, काम तोफखान्याचं. १९७१ च्या डिसेंबरमधली लोंगेवालाची लढाई आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. मेजर कुलदीपसिंग चांदपुरींची कंपनी, समोर पाकिस्तानी रणगाडे, रात्रभर तग धरणं आणि सकाळी जैसलमेरहून आलेली हंटर विमानं. त्या सकाळची एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. हंटरांना वाळवंटात रणगाडे दाखवून देणारा एक माणूस वर होता. मेजर आत्मासिंग, तोफखान्याचा वैमानिक, संथ चालीच्या कृषकात. जेट विमान काही सेकंदांत पुढं निघून जातं, वरून सगळी वाळू सारखीच दिसते. कृषक तिथंच घिरट्या घालत राहिलं. त्या सकाळी लष्कराचं हळू विमान आणि हवाई दलाचं वेगवान विमान एकमेकांना पूरक ठरलं, आणि कुणी कुणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न कुणाला पडला नाही.

पण शांततेच्या काळात तो पडतोच.

१ नोव्हेंबर १९८६ रोजी आर्मी एव्हिएशन कोअर तोफखान्यापासून वेगळी झाली. तेव्हा लष्करप्रमुख जनरल सुंदरजी होते. 'सुवेग व सुदृढ' हे ब्रीद. आता या शाखेचं प्रशिक्षण आपल्याच राज्यात होतं, नाशिक रोडजवळच्या गांधीनगरला. तोफखान्याचं देवळालीचं स्कूल तिथून हाकेच्या अंतरावर, म्हणजे आई आणि मुलगी शेजारी शेजारीच राहतात म्हणायचं. २०१९ मध्ये राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी तिथंच या शाखेला निशाण प्रदान केलं, आणि २०२२ च्या मे महिन्यात कॅप्टन अभिलाषा बराक तिथूनच लढाऊ वैमानिक म्हणून बाहेर पडल्या, या शाखेतल्या पहिल्या महिला.

वेगळं घर मिळालं, पण वाटणी अर्धवट झाली. हलकी हेलिकॉप्टरं, म्हणजे चेतक आणि चीता, लष्कराकडं आली. रशियन बनावटीची हल्ल्याची हेलिकॉप्टरं हवाई दलाकडंच राहिली. वापरायची लष्कराच्या सांगण्यावरून, पण वैमानिक हवाई दलाचे, दुरुस्ती हवाई दलाची. मोठी वाहतुकीची हेलिकॉप्टरंही त्यांच्याचकडं.

हे समजायला आपल्याला फार लांब जायला नको. उसाचा शेतकरी हे दर हंगामात भोगतो. ऊस तुमचा, रान तुमचं, पण तोडीची टोळी कारखान्याची. चिटबॉय येऊन सांगणार तेव्हा तोड. तुमचा ऊस तुऱ्याला आला, वजन घटायला लागलं, तरी कारखान्याचं वेळापत्रक कारखान्याचं. कारखाना वाईट आहे असं नाही. त्याला पन्नास गावं सांभाळायची असतात, गाळपाचा मेळ घालायचा असतो. शेतकऱ्याला मात्र एकच रान दिसतं. लष्कराच्या कंपनी कमांडरला आपली टेकडी दिसते, हवाई दलाला सगळं आकाश दिसतं. दोघंही आपापल्या जागी खरे.

कारगिलमध्ये हे खटकलं. १९९९ च्या मे महिन्यात लष्करानं हेलिकॉप्टरांचा मारा मागितला. हल्ल्याची जी हेलिकॉप्टरं होती ती त्या उंचीवर उडूच शकत नव्हती. मग एमआय-१७ या वाहतुकीच्या हेलिकॉप्टरांना रॉकेट लावून पाठवलं. २८ मे रोजी त्यातलं एक तोलोलिंगजवळ खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्रानं पडलं, आतले चारही जण गेले. त्यानंतर सशस्त्र हेलिकॉप्टरं त्या लढाईतून मागं घेतली. हवाई दल म्हणत होतं की ही जागा हेलिकॉप्टरांची नाही, आणि त्या दिवशी ते बरोबर ठरलं. लष्कर म्हणत होतं की डोंगरावर चढणाऱ्याला वरून आधार हवाच, आणि तेही चूक नव्हतं. डोंगरात उडून मारा करू शकेल असं यंत्रच देशाकडं नव्हतं. प्रचंड या हलक्या लढाऊ हेलिकॉप्टरचा विचार तिथून निघाला. २००६ मध्ये प्रकल्पाला मंजुरी, २०१० मध्ये पहिलं उड्डाण, २०२२ मध्ये सेवेत. २०२५ च्या मार्चमध्ये १५६ प्रचंडांचा करार झाला, ६२,७०० कोटींचा, त्यातली ९० लष्कराची. कारगिलच्या वर्षी जन्मलेला मुलगा प्रचंड दाखल होईपर्यंत मिशीला ताव देण्याच्या वयाचा झाला होता.

२०१२ मध्ये सरकारनं तोडगा काढला की आधी ठरलेली २२ अपाची हवाई दलाकडं जातील, पुढची लष्कराला. म्हणून लष्करासाठी वेगळी सहा. २०१७ मध्ये संरक्षण मंत्रालयानं त्यासाठी ४,१६८ कोटींना मान्यता दिली, २०२० मध्ये करार झाला आणि २०२५ मध्ये पहिली तीन आली. सहा हेलिकॉप्टरांसाठी वेगळे वैमानिक, वेगळे तंत्रज्ञ, सुट्या भागांचं वेगळं भांडार, आणि तिकडं हवाई दलाकडं त्याच यंत्राच्या २२ नगांची अशीच दुसरी व्यवस्था. आमच्याकडं भावकीत वाटणी झाली की एका विहिरीवर दोन मोटारी बसतात, तसलंच हे.

अमेरिकेत हेच भांडण १९६६ मध्ये मिटलं. व्हिएतनामच्या ऐन धामधुमीत दोन्ही दलांच्या प्रमुखांनी समझोता केला. लष्करानं आपली वाहतुकीची विमानं सोडली आणि बदल्यात हेलिकॉप्टरांचं मैदान लष्कराला मोकळं झालं. पाकिस्तानच्या लष्कराकडं ऐंशीच्या दशकापासून स्वतःची कोब्रा हल्ला-हेलिकॉप्टरं आहेत, एमआय-१७ सुद्धा त्यांचं ते उडवतात. म्हणजे इतरांनी काही ना काही ठरवून टाकलं. आपण दर दहा वर्षांनी थोडं थोडं ठरवतो. आता थिएटर कमांडची, म्हणजे एका प्रदेशातली तिन्ही दलं एकाच प्रमुखाखाली आणण्याची, चर्चा चालू आहे, त्यात हा प्रश्न पुन्हा येईल. माझ्या मते हलकी हेलिकॉप्टरं आणि प्रचंड लष्कराकडं असावीत, चिनूकसारखी अवजड हवाई दलाकडं, आणि अपाचीची दोन दुकानं बंद करून एक करावं. ते कुणाचं असावं यावर मी रात्र जागवणार नाही.

कारण रात्र जागवण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे.

चीता म्हणजे फ्रेंच बनावटीचं लामा हेलिकॉप्टर. १९६२ च्या युद्धानं हिमालयाची उंची आपल्याला शिकवली आणि मग भारताच्याच गरजेवरून फ्रेंचांनी ते घडवलं. चेतकची पाती आणि इंजिनची ताकद, आणि त्याच घराण्यातल्या जुन्या लहान हेलिकॉप्टरचा हलका, पण दणकट केलेला सांगाडा. मार्च १९६९ मध्ये ते पहिल्यांदा उडालं, म्हणजे माणूस चंद्रावर उतरला त्याच्या चार महिने आधी. १९७२ मध्ये याच यंत्रानं फ्रान्समध्ये १२,४४२ मीटरवर जाऊन उंचीचा विक्रम केला. सत्तरच्या दशकात आपण ते बंगळुरूत बनवू लागलो. यंत्र म्हणून ते अफलातून होतं यात वादच नाही. १३ एप्रिल १९८४ ला सियाचीनची मोहीम सुरू झाली ती याच्याच जोरावर. कॅप्टन संजय कुलकर्णींची कुमाऊँ रेजिमेंटची तुकडी बिलाफोंड ला या खिंडीपाशी चीतानंच उतरवली, एका खेपेत दोन-दोन जवान.

दोन-दोनच का, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. उंचावर हवा विरळ. पात्यांना धरायला हवा कमी, इंजिनला जाळायला प्राणवायू कमी. जमिनीवर पाच माणसं उचलणारं यंत्र वर दोघांवर येतं, आणखी वर गेलं की एका माणसावर, आणि अगदी शेवटच्या चौक्यांवर तर एका खेपेत रॉकेलचा एखादा कॅन गेला तरी वैमानिकाला बरं वाटतं. थंड हवा जड असते, म्हणून उड्डाणं पहाटेपासून सकाळपर्यंत. ऊन वर आलं, वारा सुटला की दार बंद. प्रत्येक किलोचा हिशेब. वैमानिक स्वतःच्या अंगावरचं सामान कमी करतात, इंधन मोजून तेवढंच भरतात. वर उतरल्यावर इंजिन बंद करायचं नाही, कारण पुन्हा सुरू होईल याची खात्री नाही. सुभेदार सांगतात की सामान ढकलायचं, माणूस आत सारायचा आणि हात हलवायचा, एवढाच वेळ. पायलटचं तोंडसुद्धा नीट बघायला मिळत नाही.

या यंत्राला एकच इंजिन. ते गेलं की दुसरं नाही. ढगात वाट दाखवणारं रडार नाही, समोर डोंगर आला म्हणून ओरडणारी यंत्रणा नाही, हात मोकळे करणारा ऑटोपायलट नाही. वैमानिकाचे डोळे आणि त्याला तोंडपाठ असलेली दरी, एवढ्यावर सगळं. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये बरेलीला एक चीता पडलं, तीन अधिकारी गेले. सपाट मैदानात पडलं ते, डोंगरात नव्हे. त्यानंतर अधिकाऱ्यांच्या पत्नी एकत्र आल्या आणि २०१५ मध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांना भेटून म्हणाल्या की ही हेलिकॉप्टरं थांबवा. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये भूतानमध्ये एक, दोघे गेले. २०२२ च्या मार्चमध्ये गुरेझला एक. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तवांगजवळ एक. २०२३ च्या मार्चमध्ये अरुणाचलात मंडाला इथं एक, दोघे गेले. ही यादी पूर्ण नाही. ती पाठ म्हणण्यात मला रस नाही, पण सुभेदारांनी वेलांटी राहू दे म्हटलं ते कशामुळं, एवढं कळावं.

मग बदललं का नाही? बदलायचा प्रयत्न झाला नाही असं नाही, उलट इतक्या वेळा झाला की त्याचीच एक बखर होईल. १९७ हलक्या हेलिकॉप्टरांची निविदा निघाली. युरोपातल्या कंपनीचं यंत्र पसंत पडलं. २००७ च्या डिसेंबरमध्ये ती रद्द. पुन्हा निविदा, पुन्हा डोंगरातल्या चाचण्या, पुन्हा वर्षं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा रद्द. मग २०१५ मध्ये रशियाबरोबर कामोव्हच्या दोनशे हेलिकॉप्टरांचा समझोता, साठ तयार आणायची आणि एकशेचाळीस इथं बांधायची. तो किमतीत आणि सुट्या भागांच्या स्वदेशीकरणात अडकून पडला. दरम्यान हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं स्वतःचं हलकं हेलिकॉप्टर, ज्याला सगळे एलयूएच म्हणतात, २०१६ च्या सप्टेंबरमध्ये पहिल्यांदा उडालं. सियाचीनच्या चाचण्याही त्यानं दिल्या. २०२१ मध्ये बारा नगांना मान्यता मिळाली, सहा लष्कराला, सहा हवाई दलाला. २०२३ मध्ये तुमकुरूला मोठा हेलिकॉप्टर कारखाना उभा राहिला. आणि तरीही २०२५ च्या ऑगस्टमध्ये संरक्षण मंत्रालय पुन्हा दोनशे हलक्या हेलिकॉप्टरांसाठी बाजारात विचारणा करतं आहे, १२० लष्कराला आणि ८० हवाई दलाला. म्हणजे २००७ मध्ये जिथं उभे होतो त्याच पायरीवर, फक्त वैमानिक बदललेत. त्या वेळी चीता उडवणाऱ्या तरुण कॅप्टनचा मुलगा आता चीता उडवत असेल, असं गमतीनं म्हणायची सोय राहिलेली नाही.

दोन्ही निविदा रद्द झाल्या त्यामागं गैरव्यवहाराची शंका होती, आणि शंका असेल तर व्यवहार थांबवायला हवा हे मलाही पटतं. पण थांबवलेल्या व्यवहाराचीही किंमत असते आणि ती कोण भरतं हे कुठल्याच फायलीत येत नाही. कागद स्वच्छ ठेवणाऱ्या अधिकाऱ्यावर कधी ठपका येत नाही. उशिराबद्दल आपल्याकडं कुणाची चौकशी झाल्याचं मला आठवत नाही.

इथं कुणी म्हणेल, मास्तर, नवीन यंत्रं तरी कुठं पडत नाहीत? पडतात. तवांगला चीता पडलं त्याच ऑक्टोबरमध्ये सियांग खोऱ्यात मिगिंगजवळ लष्कराचं रुद्र हेलिकॉप्टर पडलं, नवं आणि दोन इंजिनांचं, त्यात पाच जण गेले. २०२५ च्या जानेवारीत पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव कोसळलं आणि तिन्ही दलांतली सगळी ध्रुव काही महिने जमिनीवर बसवून ठेवावी लागली. त्या काळात डोंगरातला भार कुणी वाहिला? उरलेल्या चीता-चेतकांनीही वाहिला. म्हातारा बैल सोडून देता येत नाही कारण तरणा लंगडतो आहे. रुद्र काय, ध्रुव काय, दोन्ही हिंदुस्थान एरोनॉटिक्सचीच. माझ्या मते म्हणूनच एकाच कारखान्यावर आणि एकाच सांगाड्यावर सगळा डोंगर टेकवणं शहाणपणाचं नाही. एलयूएचची संख्या बारावर अडकवून ठेवायची आणि बाहेरूनही घ्यायचं नाही, या दोन्हींमध्ये तोटाच आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. शत्रूचे रणगाडे थांबवायला हल्ल्याचं हेलिकॉप्टर लागतंच, जखमी काढणं हे दुय्यम काम, असं काही निवृत्त अधिकारी लिहितात. युक्रेनचं युद्ध बघितल्यावर मला तितकी खात्री वाटत नाही. रशियाची किती तरी नवी लढाऊ हेलिकॉप्टरं तिथं खांद्यावरच्या क्षेपणास्त्रांनी पाडली. २०२२ मध्येच जपाननं आपली हल्ल्याची हेलिकॉप्टरं मोडीत काढून ड्रोनकडं वळायचं ठरवलं. २०२४ च्या फेब्रुवारीत खुद्द अमेरिकन लष्करानं आपला नव्या टेहळणी-लढाऊ हेलिकॉप्टरचा कार्यक्रम गुंडाळला. टेहळणी आणि मारा ही कामं ड्रोन हळूहळू उचलतो आहे. आपल्या लष्करानंही तोफखान्याची हेरॉनसारखी मोठी मानवरहित विमानं हवाई शाखेकडं दिली आहेत, म्हणजे ऑस्टरमधून गोळा कुठं पडला ते सांगणाऱ्या माणसाची जागा आता कॅमेऱ्यानं घेतली. रॉकेलचा कॅनही उद्या ड्रोन नेईल, न्यावाच. पण मेंदूला सूज आलेला किंवा छातीत पाणी भरलेला जवान बर्फावरून उचलून दोन तासांत डॉक्टरसमोर ठेवणं, हे काम अजून माणसानं उडवलेल्या हेलिकॉप्टरशिवाय होत नाही. जे काम यंत्राला सोपवता येतं त्यावर सगळ्यात महाग खर्च, आणि जे सोपवता येत नाही त्यासाठी १९६९ चा आराखडा. हा क्रम उलटा आहे. प्रचंडला माझा विरोध नाही, ते आपल्या डोंगरासाठीच बनलं आहे. तक्रार क्रमाबद्दल आहे.

२०१६ च्या फेब्रुवारीत सियाचीनवरच्या सोनम चौकीवर हिमकडा कोसळला. साधारण १९,६०० फुटांवर. दहा जण गाडले गेले. सहा दिवसांनी लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पद जिवंत सापडले. धारवाड जिल्ह्यातले, म्हणजे आपल्याकडून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोहोचावं इतक्या जवळचे. हेलिकॉप्टरनं खाली आणलं, दिल्लीला नेलं, तिथं ११ तारखेला ते गेले. त्या दिवसांत कोल्हापुरात चहाच्या टपरीवरसुद्धा लोक टीव्हीकडं बघत थांबायचे. त्या गेलेल्यांत आपल्या शेजारच्या साताऱ्याचा माण तालुक्यातला जवानही होता. तेव्हा पहिल्यांदा गल्लीतल्या पोरांनी मला विचारलं की इतक्या वर हेलिकॉप्टर जातं तरी कसं.

कोल्हापूरकराला हेलिकॉप्टर तसं परकं नाही. निवडणुकीत नेते येतात, लग्नात एखादा हौशी नवरदेव येतो, मग अख्खं गाव शेतात. उजळाईवाडीचा विमानतळ तर राजाराम महाराजांच्या काळातला, १९३९ चा. पण आपल्याला हेलिकॉप्टर खऱ्या अर्थानं कळलं ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीला महामार्ग पाण्याखाली, दूध नाही, पेट्रोल नाही, गॅस नाही. शिरोळ तालुका तर बेटच झाला. पलीकडं सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटली ती याच दिवसांत. त्यावेळी वर घरघर ऐकू आली की गच्चीवरची माणसं हात हलवायची. वरचं नौदलाचं की हवाई दलाचं, की नुसती पाहणी करायला आलेल्या मंत्र्यांचं, हे खालून कळत नव्हतं. शेवटचं असेल तर ते हात न बघता पुढं जायचं, तेव्हा कळायचं. सैनिक टाकळी, जिथं घरटी फौजी, तीही त्या पाण्यात होती. ज्या गावानं पिढ्यान्‌पिढ्या सियाचीन, कारगिलला माणसं पाठवली ते गाव स्वतः वर बघत बसलं होतं. ते आठ-दहा दिवस आपण सगळे चौकीवरचे जवान होतो. फक्त आपल्याला हवा विरळ नव्हती.

तर ते पत्र. खासदारांना मी तीनच गोष्टी विचारल्या आहेत. बारा एलयूएचपैकी प्रत्यक्ष किती तुकड्यांपर्यंत पोहोचली. दोनशेची जी नवी विचारणा आहे तिला शेवटची तारीख आहे का, आणि ती चुकली तर उत्तर कुणी द्यायचं. आणि सियाचीनवर उडणारं शेवटचं चीता कोणत्या वर्षी उतरवणार. अपाचीबद्दल काही विचारलेलं नाही, त्याची माहिती आपोआप येते. जिल्ह्यात माजी सैनिकांच्या संघटना गावोगाव आहेत. त्या पेन्शन आणि कॅन्टीनच्या प्रश्नावर मोर्चे काढतात, काढावेतच. हा प्रश्न मात्र त्यांच्या निवेदनात मी कधी पाहिला नाही. सेवेत असलेला जवान बोलू शकत नाही, वैमानिक तर नाहीच. उरतो तो आपण.

टायपिंगचे साठ रुपये देऊन बाहेर पडलो तेव्हा सुभेदारांना विचारलं, तुम्ही सियाचीनवरून खाली कसे आलात ते कधी सांगितलंच नाही. चालत चालत सांगितलं त्यांनी, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट. चौकीवर दोघं आजारी होते, ते आणि शिरोळकडचाच एक जोडीदार. तीन दिवस ढग. चौथ्या सकाळी चीता आलं. त्या उंचीवर एकच माणूस उचलणार होतं. जोडीदार म्हणाला, तू जा, तुझा श्वास बघ कसा चाललाय, मी दुसऱ्या खेपेला येतो. हेलिकॉप्टर यांना घेऊन बेस कॅम्पला उतरलं, परत फिरलं, पण वारा सुटला होता. दुसरी खेप त्या दिवशी झाली नाही. दुसऱ्या दिवशी झाली.

"मग?" मी विचारलं.

"वाचला की. पायाची बोटं तेवढी गेली, दोनी पायाची. आता दुकान हाय त्येचं, नांदणीला. दिवाळीला येतोय घरला. चपला दारात काढाय जरा येळ लागतोय त्याला."